अनुभव धागा : बडोद्यातली पोरं रॉक ऐकतात का?

आमच्या घरात गेले काही महिने एक वाद पेटलेला आहे. पंचविशीच्या आतल्यांना रॉकचं काही पडलेलं आहे का? अमेरिकेत २०१७ मध्येच निल्सन या पाहणी कंपनीच्या आकड्यांत हिपहॉप आणि आर अँड बी यांनी मिळून रॉकला मागं टाकलं, तेव्हापासून 'रॉक संपलं' म्हणणाऱ्यांना जोर चढलाय. समोरची पार्टी २०२५ कडे बोट दाखवते : मार्चमध्ये ग्रीन डे, मे महिन्यात गन्स अँड रोझेस, दोन्ही मुंबईत, महालक्ष्मी रेसकोर्सवर.

पण मुंबईचं मुंबईपाशी. मला बडोद्याचं ऐकायचंय. गुजरात झाल्यापासून, म्हणजे १९६० पासून, इथे दारूबंदी. बिअर विकणाऱ्या ज्या लहानशा जागांवर जगभरचे नवखे बँड पोसले जातात, त्या आपल्याकडे नव्हत्याच. तरी बँड निघाले. मांजलपूर, फतेगंज, दांडिया बाजार, जिथे कुठे ऐकलंत, वाजवलंत, सोडलंत, ते लिहा. मतं कमी, घडलेलं जास्त. 'आमच्या काळी'ने सुरू होणारं वाक्य सगळ्यांत मिळून एकच चालेल.

टेक्नॉलॉजी फॅकल्टी, २००३ची बॅच

ते वाक्य मीच वापरून टाकतो. आमच्या काळी गाणं मिळवणं हेच निम्मं काम होतं. एका सीडीवर दीडशे एमपीथ्री भरलेले असायचे, त्यातले निम्मे चुकीच्या बँडच्या नावाने. टॅब, म्हणजे गिटारची आकड्यांत लिहिलेली गाणी, सायबर कॅफेतून प्रिंट काढून आणायचे, पानाला पैसे पडायचे म्हणून सोलोचं पान वगळायचं. मग सोलो कानाने बसवायचा आणि तो कुणाचाच सारखा यायचा नाही.

फेस्टसाठी ड्रमसेट वरातीच्या बँडवाल्याकडून भाड्याने आणायचो. किक पेडलची स्प्रिंग तुटलेली, तिथे सायकलच्या ट्यूबची पट्टी ताणून बांधलेली. दोन गाण्यांत ती सैल व्हायची, आणि तिसऱ्या गाण्याआधी आमचा ड्रमर खाली वाकून गाठ मारत असताना गाणारा पब्लिकला काहीतरी जोक सांगत बसायचा. गिटारला झूम ५०५ पेडल, त्यातला सगळ्यात घाणेरडा डिस्टॉर्शन, म्हणजे फाटका आवाज, सगळ्यात आवडता. लिंकिन पार्क वाजवलं की हॉस्टेलची पोरं मागच्या रांगेपासून उठायची. मेटॅलिका वाजवलं की पुढच्या दोन रांगा उठायच्या, पण त्या दोन रांगांतले लोक आजही माझे मित्र आहेत.

माझा मुलगा अकरावीत आहे. त्याच्या फोनवर लिंकिन पार्क आहे, २०२४ च्या अल्बमसकट, नव्या गायिकेसकट. ऐकतो. पण हेडफोन लावून, एकटा. त्याच्या वर्गात आणखी कोण ऐकतं ते त्याला ठाऊक नाही आणि ठाऊक करून घ्यावंसंही वाटत नाही. रॉक गेलं असं मी म्हणणार नाही. त्या दोन रांगा गेल्या.

नवरात्रीत गिटार वाजवणारा

नाव लिहीत नाही, सीझन जवळ आहे.

मी बारावीपासून मेटल, म्हणजे रॉकचाच जड, दणदणीत प्रकार, वाजवायचो. मेटलवर बडोद्यात पोट भरत नाही, हे कळायला फार हुशारी लागत नाही. गेली बरीच वर्षं गरब्याच्या ऑर्केस्ट्रात आहे. आमच्याकडे ढोल, ऑक्टोपॅड (काठ्यांनी वाजवायचा इलेक्ट्रॉनिक ड्रम), दोन कीबोर्ड, बेस आणि मी. पहिला तासभर मला काम नसतं. संथ गरबे, आरतीच्या चालीचे, तिथे गिटार म्हणजे नुसती किणकिण. साडेदहानंतर लय चढायला लागते. हींच नावाच्या गरब्याच्या तालाची, सहा मात्रांची; तिच्या पहिल्या आणि चौथ्या मात्रेवर पॉवर कॉर्ड दाबून सोडला की ढोलाच्या थापेला आणखी एक तळ मिळतो. अकराच्या सुमाराला कीबोर्डवाला मान हलवतो, मी पेडलवर पाय देतो. हजारो पोरं, चनिया-चोळी, केडियू, आणि वरून खरखरीत, फाटका, लांब ओढलेला गिटारचा ई सूर. ग्राउंडवरून जी आरोळी येते ना, ती मला फेस्टमध्ये कधी मिळाली नव्हती.

त्या पोरांतल्या कितींनी ब्लॅक सॅबथ या जुन्या मेटल बँडचं नाव ऐकलं असेल? सोडा. पण त्यांना तो आवाज हवा असतो. गेल्या वर्षी आयोजकांनी खर्च वाचवायला 'गिटार कीबोर्डमधूनच काढा' म्हणून सांगितलं, तेव्हा दुसऱ्याच रात्री गायकाने मला परत बोलावून घेतलं. कीबोर्डमधली डिस्टॉर्शन गिटार म्हणजे डब्यातला आमरस.

म्हणून 'तरुणांना रॉक नको' वगैरे ऐकलं की मला हसू येतं. त्यांना रॉकचा इतिहास नको, पोस्टर नको, लांब केस नकोत. अंगावर येणारा आवाज हवाय, नाचता येईल असा.

धागाकर्ता

वरच्या दोघांचं एकमेकांशी पटत नाही असं दिसतंय. छान. एकाला माणसं हरवल्याचं दुःख, दुसऱ्याकडे माणसंच माणसं. पुढे.

वाघोडिया रोड, गिटारचे क्लास घेते

माझ्याकडे आज आहेत इतके विद्यार्थी कधीच नव्हते, आणि मुली निम्म्याहून जास्त. फेंडर कंपनीने २०१८ मध्ये अमेरिका-ब्रिटनची पाहणी काढली होती, त्यात नव्याने गिटार धरणाऱ्यांत निम्म्या बायका निघाल्या. ते वाचून तिकडच्यांना नवल वाटलं, मला नाही वाटलं.

पण येतात ते कशासाठी? पहिल्या दिवशी मागतात अरिजितचं गाणं, चार कॉर्डवालं. मी देते. बोटं तयार व्हायला गाणं कुठलंही चालतं. तिसऱ्या महिन्यात एफ कॉर्ड येतो, पहिल्या पट्टीवर तर्जनी आडवी टाकून सहाही तारा दाबायच्या. तिथे गळती सुरू. जे टिकतात त्यांच्यातले काही ट्रिनिटीच्या रॉक अँड पॉप परीक्षेला बसतात. हो, रॉकची परीक्षा असते, ग्रेड असतात, सर्टिफिकेट लंडनच्या बोर्डाचं. पालक विचारतात, 'ताई, दिवाळीपर्यंत ग्रेड थ्री होईल ना?' ज्या संगीताने एकेकाळी आईबापांची झोप उडवली, त्याची फी आता आईबाप वेळेवर भरतात. पोरांना त्यात बंड कुठून दिसणार!

बँड मात्र होत नाही. मी दोनदा जुळवायचा प्रयत्न केला. एकाचं मंगळवारी मॅथ्स, दुसरीचं बुधवारी फिजिक्स, रविवारी टेस्ट सिरीज. पाच जणांचा एक मोकळा तास सापडत नाही. अकरावी लागली की गिटार माळ्यावर.

फाइन आर्ट्स, वय १९

काका लोकांनो, नमस्कार.

मी रॉक ऐकते. डेफ्टोन्स ऐकते, जो बँड १९८८ मध्ये सुरू झाला, म्हणजे माझी आई शाळेत होती. रीलवरून सापडला, हो, रीलवरूनच, त्यात काय. जपानी रॉक त्याहून जास्त ऐकते, कारण ॲनिमे बघते. नारुटोचं एक टायटल साँग एशियन कुंग-फू जनरेशनचं आहे. आठवीत ते ऐकून मी त्यांचे अख्खे अल्बम शोधले. 'बोची द रॉक' नावाची एक मालिका आहे २०२२ ची, लाजाळू मुलगी बँडमध्ये गिटार वाजवते अशी. त्या मालिकेतल्या चार मुलींची आडनावं एशियन कुंग-फू जनरेशनच्या चौघांची. माझ्या वर्गात हे ठाऊक असलेले निदान सात-आठ जण निघतील. तुम्ही आम्हाला रॉकच्या हिशोबात धरतच नाही, मग म्हणता पोरं ऐकत नाहीत.

आणखी एक. जानेवारी २०२५ मध्ये कोल्डप्ले अहमदाबादला आले, मोदी स्टेडियमवर, दोन दिवस, एकेका दिवशी लाखाहून जास्त माणूस. आम्ही बडोद्याहून ट्रेनने गेलो. डब्यात शेजारी बसलेल्या काकांनी आणंदपर्यंत मला पटवून दिलं की हे रॉक नव्हेच. ठीक आहे. मग तुम्ही कुठे निघालात, विचारलं, तर तेही तिथेच!

निर्वाणा बँडचा टी-शर्ट घातला की 'पाच गाणी सांग बघू' म्हणणारा एक तरी भेटतोच. रॅप ऐकणाऱ्यांनी माझी अशी तोंडी परीक्षा कधी घेतली नाही. अहमदाबादचा रॅपर धनजी ऐकायला मला कुणाला पास दाखवावा लागला नाही. जमलं तर याचा विचार करा.

रावपुरा, साउंडचं काम

सांगतो काय ते. लाइव्ह बँड म्हटला की ड्रमलाच सात-आठ माइक, बेसची लाइन, गिटारचे अँप, चार मॉनिटर, वर तासभर साउंडचेक. दोन माणसं जास्त लावावी लागतात. डीजे म्हटला की दोन केबल. रॅपवाला पेनड्राइव्ह घेऊन येतो, एक माइक द्या म्हणतो, झालं. कॉलेजवाले कोटेशन बघतात आणि डीजे ठरवतात. पोरांना काय आवडतं हा प्रश्न नंतर. दहाला आवाज बंद करायचा असतो त्यात तासभर साउंडचेकला कोण देणार.

दांडिया बाजार, आजी

माझ्या नातवाने मोबाइलवर लिहून दिलं आहे, मजकूर माझा.

आमच्या वाड्यात मागच्या खोलीत ही मुलं वाजवीत असत. पंधरा-वीस वर्षे झाली असतील. मला त्यातला शब्द कळत नसे, ओरडतात कशासाठी तेही कळत नसे. दुपारी दोन ते चार वाजवायचं नाही, एवढी एकच अट मी घातली होती आणि त्यांनी ती पाळली. चहा मात्र साडेचारला मागायचे. एक मुलगा बिनसाखरेचा घ्यायचा, त्याचं मला नवल वाटे.

माझे वडील फैयाझखाँसाहेबांना ऐकलेले. त्यांना लताबाईसुद्धा 'हल्लीचं' वाटायचं. तेव्हा कुणाचं काय संपलं याचे निकाल मी घरात पुष्कळ ऐकले आहेत. सयाजीराव महाराजांनी १८८६ साली गवई मौलाबक्षांच्या हाताखाली गायनशाळा काढली, तिथे घरंदाज मुलं गाणं शिकू लागली तेव्हाही लोकांनी नाकं मुरडली होती म्हणे.

हल्ली धाकटी नात एका मुंबईच्या बँडचे अभंग लावते, अभंग रिपोस्ट असं काहीसं नाव आहे. गिटार आहे, ढणढणाट आहे. पण तुकोबांचा शब्द न् शब्द ऐकू येतो. मी तिला आवाज कमी कर म्हटलं नाही. टाळ थोडा वाढवायला हवा होता.

सध्या पुणे, मूळचा कारेलीबाग

आजींचा बिनसाखरेचा चहा घेणारा मुलगा मी नाही, पण त्या खोलीत मी बेस वाजवलाय. नमस्कार आजी!

एक मुद्दा राहतोय. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं, २०१९ मध्ये गाण्यांचं ॲप स्पॉटिफाय भारतात. स्पॉटिफायवर तीस सेकंद ऐकलं की एक प्ले धरतात. आता जुन्या रॉकची मिनिटभराची प्रस्तावना आठवा, ज्यात नुसती एक गिटार आणि मागे वारा. आजचा गाणं करणारा ती ठेवील कशाला? उलट जुनं गाणं अचानक उठतंही. मेटॅलिकाचं १९८६ चं एक गाणं २०२२ मध्ये एका मालिकेत वाजलं आणि छत्तीस वर्षांनी चार्टवर चढलं. आमच्या ऑफिसातली इंटर्न मुलगी ते गुणगुणत होती. बँडचं नाव तिला सांगता आलं, अल्बमचं नाही. मला आधी राग आला, मग वाटलं, मला तरी सीडीवरच्या दीडशे गाण्यांतल्या कितींचे अल्बम ठाऊक होते.

तबला, म्युझिक कॉलेज

मी दिवसा तीनताल, संध्याकाळी ड्रमवर डबल बेस, म्हणजे दोन्ही पायांनी बेस ड्रम. गुरुजींना ठाऊक आहे. 'हात मोकळा ठेव, बाकी काय वाजवायचं ते वाजव', इतकंच म्हणतात. ब्लडीवूड ऐका, दिल्लीचे, ढोल आणि मेटल एकत्र, जर्मनीत वाकेनच्या मेटल महोत्सवात २०१९ मध्ये वाजवून आले. माझ्या वयाची जी पोरं रॉककडे वळतात ती असल्या वाटेने. इंग्लिश गाण्यांची हुबेहूब नक्कल आम्हाला बोअर होते, खरं सांगायचं तर. टेक्नॉलॉजीवाल्या दादांना वाईट वाटू नये.

टेक्नॉलॉजी फॅकल्टी, २००३ची बॅच

वाईट वाटलं. चालेल.

मांजलपूर, सेकंड इयर

हे सगळं वाचून मुद्द्याचं विचारतो. आम्ही तीन गिटार, एक कीबोर्ड, एक गाणारी. बेसवाला 'बघू' म्हणतो. चार गाणी स्वतःची आहेत, दोन मराठी, एक गुजराती, एक अर्धी हिंदी. जागा आहे : बंगल्याची गच्ची, रात्री नऊपर्यंत, शेजारचे चांगले आहेत. ड्रमर नाही. ड्रमसेटही नाही. ऑक्टोपॅडवाला चालेल. तबलावाल्या दादा, येणार का?

तबला, म्युझिक कॉलेज

परीक्षा झाल्यावर. तोपर्यंत कुणी दुसरा बघा.

नवरात्रीत गिटार वाजवणारा

आमचा ऑक्टोपॅडवाला दसऱ्यानंतर मोकळा असतो. हात पक्का आहे. पैसे घेतो पण.

मांजलपूर, सेकंड इयर

किती?

नवरात्रीत गिटार वाजवणारा

आधी काय वाजवता ते पाठव. आणि तीन गिटार कशाला रे? एकाला बेस दे.