पुण्याहून बेळगावला परतावे का? मुलांची शाळा, मराठी आणि रोजचे जगणे

प्रश्न – अनगोळकर

सर्वांना सप्रेम नमस्कार. माझा जन्म अनगोळचा. दहावीपर्यंत मी बेळगावातच मराठी माध्यमात शिकलो आणि गेली चौदा वर्षे नोकरीनिमित्त पुण्यात आहे. आई-वडील थकले आहेत, कंपनीने कायमस्वरूपी घरून काम करण्याची मुभा दिली आहे, त्यामुळे येत्या मे महिन्यात बिऱ्हाड बेळगावला हलवण्याचा विचार जवळजवळ पक्का झाला आहे. पत्नी साताऱ्याची असून तिला कन्नडचे एक अक्षरही येत नाही. मुलगी यंदा दुसरीत जाईल, मुलगा अजून बालवाडीत आहे.

हवेविषयी किंवा खर्चाविषयी मला फारशी शंका नाही. शंका आहे ती वेगळीच. पुण्यात आपण मराठी आहोत याचा विचार कधी करावा लागत नाही. बेळगावात तो दुकानाच्या पाटीपासून सातबाऱ्याच्या उताऱ्यापर्यंत रोज करावा लागतो. लहानपणी दर १ नोव्हेंबरला, म्हणजे कर्नाटकाच्या स्थापनादिनी, निषेध म्हणून वडिलांच्या दंडावर काळी फीत पाहिली की मी गप्प होत असे. तो भार मुलांच्या मनावर पडू नये असे मला वाटते, पण त्यांना यातले काही माहीतच नसावे असेही वाटत नाही. शाळा कोणत्या माध्यमाची निवडावी, कार्यालयीन कामे कन्नडशिवाय होतात का, आणि बाहेरून आलेल्या माणसाला हे शहर आपले वाटते का, हे तेथे राहणाऱ्यांनी कृपया सांगावे.

उत्तर – निवृत्त शिक्षक, टिळकवाडी

मराठी माध्यमाच्या शाळेत मी छत्तीस वर्षे शिकवले, म्हणून शाळेविषयी आधी लिहितो. मुलीला मराठी माध्यमातच घाला. येथील मराठी शाळा कर्नाटकाच्या अभ्यासक्रमाच्या असल्या तरी पाठ्यपुस्तके मराठीत असतात, आणि २०१५ च्या कायद्यामुळे कन्नड ही प्रथम किंवा द्वितीय भाषा म्हणून राज्यातील प्रत्येक शाळेत शिकवावीच लागते. म्हणजे मूल इंग्रजी माध्यमात गेले तरी कन्नड सुटत नाही. सुटते ती फक्त मराठी. हे मी कडवटपणाने लिहीत नाही, पण डोळ्यांनी पाहिले आहे: सीमाप्रश्नाच्या मोर्चात पुढे असणाऱ्या घरांतील मुलेही इंग्रजी माध्यमात गेली आणि आमच्या वर्गातील बाके वर्षागणिक रिकामी होत गेली. आमच्या शाळा कन्नडमुळे ओस पडल्या असे म्हणणे सोपे आहे, परंतु बहुतेक ठिकाणी तो निर्णय आपल्याच घरांत झाला.

तुमच्या पत्नीला येथील इतिहास कदाचित केवळ बातम्यांतून माहीत असेल. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत बेळगाव मुंबई राज्यातून तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेले. त्याआधी दहा वर्षे, १९४६ साली, याच शहरात भरलेल्या साहित्य संमेलनात संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला होता, त्यामुळे ही जखम लोकांना किती खोल लागली असेल याची कल्पना यावी. महाजन आयोगाने १९६७ मध्ये बेळगाव शहर म्हैसूरकडेच ठेवावे असे सुचवले, महाराष्ट्राला ते मान्य झाले नाही, आणि २००४ पासून दावा सर्वोच्च न्यायालयात आहे. मुलांना हे सारे जरूर सांगा, फक्त गोष्ट सांगावी तसे सांगा, भांडण सोपवावे तसे नको.

कार्यालयांबाबत स्पष्टच सांगतो. उतारा, घरपट्टीची नोटीस, रेशन कार्ड, सारे कन्नडमध्ये मिळते. राज्यघटनेच्या ३५० क या अनुच्छेदाने प्राथमिक शिक्षण मातृभाषेत मिळण्याची सोय राज्यांवर सोपवली आहे, आणि जेथे भाषिक अल्पसंख्याकांचे प्रमाण १५ टक्के किंवा त्याहून अधिक आहे तेथे महत्त्वाची परिपत्रके व नोटिसा त्यांच्या भाषेतही द्याव्यात, हे तत्त्व केंद्राने आणि राज्यांनी मान्य केलेले आहे. प्रत्यक्षात ते पाळले जात नाही. एका कार्यालयात माझा मराठी अर्ज कारकुनाने परत केला तेव्हा मी दीड तास तेथेच थांबलो आणि पोहोच घेऊनच घरी आलो. त्याच कारकुनाशी मी बोललो मात्र कन्नडमध्ये, कारण ती भाषा मी चाळिशीत शिकलो आहे. कन्नड शिकल्याने मराठीत कागद मागण्याचा आपला हक्क कमी होत नाही. उलट समोरचा माणूस आपले म्हणणे नीट ऐकून तरी घेतो.

उत्तर – शहापूरची सून

मी नाशिकहून अकरा वर्षांपूर्वी लग्न होऊन येथे आले, त्यामुळे तुमच्या पत्नीच्या बाजूने लिहिते. पहिले काही महिने मला कन्नडपेक्षा येथल्या मराठीनेच गोंधळात टाकले. “काय करायलीस?” असे सासूबाईंनी विचारले की त्या रागावल्या आहेत असे मला वाटे. आता माहेरी गेले की माझ्याच तोंडून “जायलोय”, “करायलोय” निघते आणि बहिणी थांबवून विचारतात. बाजारात अडचण येत नाही, कारण खडेबाजारात किंवा गणपत गल्लीत भाजी विकणाऱ्या बहुतेक बायका दोन्ही भाषा सहज बोलतात. मला कन्नड शिकवले ते शेजारच्या अक्कांनी, संक्रांतीला तिळगूळ आणि त्यांच्याकडचे एळ्ळु-बेल्ल यांची देवाणघेवाण करता करता.

घर पाहताना मात्र पाण्याची चौकशी सर्वांत आधी करा. राकसकोप आणि हिडकल या दोन ठिकाणांहून शहराला पाणी येते; काही मोजक्या प्रभागांत २००८ पासून चोवीस तास नळ सुरू असतो, बाकीच्यांना काही दिवसांआड साठवून ठेवावे लागते. एकाच रस्त्याच्या दोन बाजूंना हा फरक असू शकतो. शहर अडीच हजार फूट उंचीवर असल्याने उन्हाळा पुण्याइतका भाजत नाही, पण जून ते सप्टेंबर कपडे वाळत नाहीत, हे साताऱ्याच्या माणसाला सांगायला नकोच.

हे शहर आपले आहे असे मला पहिल्यांदा वाटले ते शहरात नव्हे, कडोलीच्या साहित्य संमेलनात. कडोली, उचगाव, येळ्ळूर अशा गावांत हिवाळ्यात ग्रामस्थ स्वतः वर्गणी काढून संमेलने भरवतात. ग्रंथदिंडीत नऊवारी नेसलेल्या बायका फुगड्या घालत होत्या, मांडवात शेतकरी मांडी घालून दुपारपर्यंत कविता ऐकत होते. महाराष्ट्रात असताना मी असे काही पाहिले नव्हते. मुलांना तेथे न्याच.

उत्तर – वडगावचा विणकर

माझी मातृभाषा कन्नड आहे. मराठी मी गल्लीत आणि मागावर शिकलो, लिहिण्यात चूक असल्यास सांभाळून घ्यावे. गणेशोत्सवात आमच्या मंडळात दोन्ही भाषा बोलणारी मुले एकत्र राबतात. जवळच्या सुळेभावी गावात १९२४ साली जन्मलेले कुमार गंधर्व कन्नड घरातले होते, आणि मराठी माणसांनी त्यांना कधी परके मानले नाही. निवडणूक किंवा नोव्हेंबर जवळ आला की वातावरण तापते, काही दिवस बसवर दगडही पडतात. त्या काळात प्रवास टाळावा आणि मुलांना मोबाईलवरचे व्हिडिओ दाखवू नयेत, एवढे मी घरी पाळतो.

उत्तर – येळ्ळूर शिवार

शहराच्या सुखसोयींबद्दल बोलताना शेतकऱ्याचाही विचार व्हावा. २०१६ मध्ये स्मार्ट सिटीच्या पहिल्या वीस शहरांत बेळगावचे नाव आले, रस्ते रुंद झाले, याचा आनंद आहे. पण हलगा-मच्छे बायपाससाठी ज्या शिवारातून रस्ता काढला, त्याच काळ्या जमिनीत शहापूर, वडगाव, येळ्ळूरची बासमती पिकते. त्या भाताचा वास उकळत्या आधणातून गल्लीभर जातो. आमच्यातील बहुतेक शेतकरी मराठी, त्यातही अल्पभूधारक. भाषा टिकवायची तर ती बोलणारा माणूस आपल्या जमिनीवर टिकला पाहिजे. घर घेणार असाल तर पिकाऊ रानात पाडलेला प्लॉट घेऊ नका, गावठाणातील जुने घर पाहा.

अनगोळकर

सर्वांचे मनापासून आभार. पत्नीने नाशिकच्या ताईंचे उत्तर दोनदा वाचले आणि मे महिन्याला होकार दिला. गुरुजी, एकच विचारतो: मराठी माध्यमातून शिकल्यास पुढे महाराष्ट्रात अभियांत्रिकीला प्रवेश मिळण्यात अडचण येते का?

निवृत्त शिक्षक, टिळकवाडी

उलट सोय आहे. वादग्रस्त सीमाभागातील शाळेतून वा महाविद्यालयातून उत्तीर्ण झालेल्या आणि मातृभाषा मराठी असलेल्या विद्यार्थ्यांसाठी महाराष्ट्राच्या प्रवेशप्रक्रियेत स्वतंत्र प्रकार ठेवलेला आहे. त्यासाठी मातृभाषेचा पुरावा द्यावा लागतो, म्हणून शाळेत नाव घालतानाच मातृभाषेच्या रकान्यात “मराठी” अशी नोंद झाली आहे ना, हे स्वतः वाचून खात्री करून घ्या. अनेक पालक तेथे घाईने सही करतात आणि दहा वर्षांनी दुरुस्तीसाठी खेटे घालतात. फॉर्म कन्नडमध्ये असेल. वाचायला मी येईन.