बिशपची शमादानं आणि एका रात्रीत सुधारलेला कैदी, पटतं का तुम्हाला?

नेपथ्यवाला:
नॉर्मन मॅकिनेलची 'द बिशप्स कँडलस्टिक्स' ही १९०१ ची एकांकिका, फ्रेंच लेखक ह्यूगोच्या 'ले मिझराब्ल' कादंबरीतून घेतलेली, सीबीएसईवाल्यांना नववीला होती. पळून आलेला कैदी रात्री सुरा घेऊन बिशपच्या घरात शिरतो, बिशप त्याला जेवायला घालतो, झोपायला जागा देतो आणि हा पठ्ठ्या बिशपला आईने दिलेली चांदीची शमादानं, म्हणजे मेणबत्त्या लावायची, घेऊन पसार. पोलिस पकडून आणतात तर बिशप म्हणतो, हा माझा मित्र, मीच दिलीत त्याला. झालं, गडी रडतो आणि माणसात येतो. १० वर्षं तुरुंगाच्या जहाजावर साखळदंडात काढलेला, नाव जाऊन नुसता नंबर उरलेला माणूस एका वाक्यात विरघळतो? काहीही हं. प्रेक्षकाला घरी जाताना बरं वाटावं म्हणून केलेली सोय आहे ही.

तिसरी_घंटा:
एका वाक्यात कुठे? आधीचं बघा ना. बायको आजारी, घरात अन्न नाही म्हणून चोरी केली, आणि शिक्षा झाली त्याच रात्री जेलर सांगतो की ती गेली. पुढे वर्षानुवर्षं फटके. हे सगळं तो बिशपसमोर ओकून टाकतो, तिथेच अर्धं काम झालंय. आणि शेवटी तो फक्त आशीर्वाद मागून पॅरिसची वाट धरतो, पुढे काय दिवे लावतो ते मॅकिनेल दाखवतच नाही.

नेपथ्यवाला:
मग तर अजूनच सोपं झालं की! बायकोसाठी चोरी करणारा मुळात सज्जनच. असा निवडून घेतलेला गुन्हेगार सुधारायला काय लागतं? खरा बेरकी, मजा म्हणून सुरा चालवणारा उभा करा आणि मग दाखवा दया.

कोपऱ्यातली_खुर्ची:
ह्यूगो जास्त प्रामाणिक आहे. १८६२ च्या कादंबरीत ज्याँ वालज्याँ, म्हणजे तिथला कैदी, बिशपकडून सुटल्यावर लगेच एका लहान पोराचं ४० सूचं (जुनं फ्रेंच चलन) नाणं बुटाखाली दाबतो, पोरगं रडून रडून निघून जातं, तेव्हा कुठे याला घाम फुटतो. म्हणजे दया आधी आणि पुन्हा चोरी नंतर!! एकांकिकेत ते बसणार नाही मान्य, पण गेलं ते नेमकं तेच गेलं.

गोदाकाठ:
आपल्या वाल्या कोळ्याला नारदाने जेवू नाही घातलं, घरी जाऊन विचारून ये म्हणाला, माझ्या पापात वाटेकरी आहात का. हिशोब मागितला म्हणून तो हलला. बिशप काहीच विचारत नाही, उलट पोलिसांशी खोटं बोलतो. याला दया म्हणायचं की लाड?

चिमूटभर_मीठ:
आणि पर्सोमचं काय, बिशपच्या बहिणीचं? एका आजारी म्हातारीचं थकलेलं भाडं भरायला भावाने घरातली चांदीची मीठदाणी विकली, दाराला कडी लावायची नाही हा नियमही त्याचाच, मध्यरात्री उठून सुरेवाल्यासाठी कपाट उघडायचं मात्र हिने. पुण्य त्याचं आणि हिला आपण कजाग म्हणून हसायचं. मला तर तिचंच बरोबर वाटतं.

माणदेशी_गडी:
आटपाडीजवळ स्वतंत्रपूर आहे, औंध संस्थानाने १९३९ मध्ये वसवलेली कैद्यांची खुली वसाहत, 'दो आँखें बारह हाथ' (१९५७) हा सिनेमा त्यावरूनच सुचला. खुनातले कैदी तिथे शेती करत आलेत आणि बायकापोरं सोबत राहू शकतात. म्हणजे दया चालते, पण ती रोजची लागते, काम लागतं, घर लागतं, एका रात्रीच्या जेवणावर भागत नाही, त्यामुळे मी अर्धा नेपथ्यवाल्यांच्या बाजूने.

तिसरी_घंटा:
अहो पण पहिल्या दिवशी बेडी काढणारा कुणीतरी लागतोच ना, बिशप तेवढंच करतो. आणि तो भोळा सांब नाहीये. कैद्याला रानातली आडवाट सांगतो आणि वर म्हणतो, रात्रीच्या वेळी निर्जन वाटा पोलिसांना आवडत नाहीत असं दिसतं, गंमतच आहे. हिशोब न मागता माणसाला मोकळं सोडणं हे लाडापेक्षा अवघड आहे हो गोदाकाठ.

नेपथ्यवाला:
ते वाक्य झकास आहे, मानलं. बाकी मत तेच. पर्सोमच्या बाजूने कुणी ही एकांकिका नव्याने लिहिणार असेल तर नेपथ्य फुकट करून देतो, दाराला कडी मात्र लावणार.