मदत हवी आहे: मुलीचा एक डोळा 'आळशी' निघालाय, पट्टी ठेवतच नाही

येळ्ळूरकर_बाबा

नमस्कार मंडळी. आम्ही येळ्ळूरचे, तालुका बेळगाव. मुलगी सहा वर्षांची, पहिलीत, मराठी माध्यम. थोडं सविस्तर लिहितो, कारण चूक कुठे झाली तेही कळायला हवं.

शाळेत डोळे तपासायला आले होते. तक्ता इंग्रजी अक्षरांचा, विचारणाऱ्या बाई कन्नडमधून विचारत होत्या. आमची बया गप्प. तिला दिसत नव्हतं की वाचता येत नव्हतं की विचारलेलंच कळलं नाही, कुणी खोलात गेलं नाही. कागदावर कन्नडमध्ये शेरा आला. मला कन्नड वाचता येतं, पण घाईत खरडलेलं नाही, म्हणून शेजारच्या पोराकडून वाचून घेतला: 'सहकार्य करत नाही'. आम्ही हसलो आणि विसरलो. घरातही तिचं तेच असतं ना!

पुढे गणपतीच्या सुट्टीत पोरं आंधळी कोशिंबीर खेळत होती. हिच्या डोळ्यांवरची ओढणी घसरली, फक्त डावा डोळा झाकलेला राहिला. उजवा उघडा असूनही ही हात पुढे करून चाचपडत चालली आणि उंबऱ्याला ठेचकाळली. रात्री मी तळहाताने एकेक डोळा झाकून बघितला. उजवा झाकला तर खुशाल भिंतीवरच्या कॅलेंडरातल्या तारखा सांगते. डावा झाकला की माझा हात ओढून काढते, रडते.

बेळगावला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. तीन दिवस घरी मलम घालायला दिलं, मग नंबर काढला. उजवा +५, डावा +१. चष्मा लावूनही उजव्याने ६/३६ एवढंच दिसतं, म्हणजे इतरांना ३६ मीटरवरून दिसतं ते हिला ६ मीटरवरून. आधी सहा आठवडे नुसता चष्मा वापरला, ६/२४ पर्यंत आलं. आता डाव्या डोळ्यावर रोज दोन तास पट्टी लावायला सांगितलीय. इथे गाडी अडली. दहा मिनिटांत ओरबाडून काढते, "मला दिसत नाही" म्हणून आकांत. तिचं तरी काय चुकलं, खरंच दिसत नाही. त्यात आईचं पालुपद, "एवढ्याशा पोरीला कसला चष्मा लावूलास रे?"

पट्टी कशी टिकवायची? एका पाहुण्याच्या मुलाला सहा तास सांगितली होती, मग आम्हाला दोनच का? मिरज-कोल्हापूरला दाखवावं का?

खानापूरची_आई

दादा, माझा मुलगा यातून गेलाय, म्हणून सांगते. पहिल्याच दिवशी दोन तासांचा हट्ट धरू नका. आम्ही २० मिनिटांपासून सुरू केलं, तेही डॉक्टरांना विचारून. आधी बाहुलीला पट्टी, मग आजोबांना, मग त्याला. टीव्ही हवा तर पट्टी लावूनच. पट्टी निघाली की टीव्ही बंद, ओरडायचं मात्र नाही. आणि जवळचं बारीक काम द्या. मी भुईमुगाच्या शेंगा फोडायला बसवायची, मणी ओवायला द्यायची.

चिकटपट्टीने कातडी लाल व्हायची म्हणून मी चष्म्यावर चढवायची कापडी पिशवी आणली होती. त्यात लबाडी होते, पोर नाकाच्या फटीतून चांगल्या डोळ्यानेच बघतं. मान तिरकी दिसली की समजा चोरी चाललीय.

शाळेत पट्टी लावून पाठवली नाही. एका दिवसात नाव पडलं असतं.

निपाणीचा_वाटसरू

एवढ्या लहान वयात चष्मा म्हणजे डोळे कायमचे परावलंबी. रोज गाजर, डोळ्यात शुद्ध मध, सकाळी त्राटक. नंबर उतरतो.

नंबरवाला

मी ऑप्टोमेट्रिस्ट, म्हणजे नजर तपासून चष्म्याचा नंबर काढणारा, बेळगावात टिळकवाडीत काम करतो. वाटसरूसाहेब, मध डोळ्यात नको, जंतुसंसर्ग होऊ शकतो. 'अ' जीवनसत्त्व कमी असेल तर गाजर कामाचं. पण बुबुळाचा बाक आणि डोळ्याची लांबी यांचा मेळ बसत नसेल तर तो गाजराने बसत नाही.

बाबा, असं झालंय: उजव्या डोळ्याकडून मेंदूला कायम धूसर चित्र गेलं, म्हणून मेंदूने त्याच्याकडे लक्ष देणं सोडलं. डावा एकटा काम ओढतो, म्हणून पोरगी कधी तक्रार करत नाही आणि डोळा तिरळाही दिसत नाही. चष्मा चित्र स्वच्छ करतो, पट्टी मेंदूला ते बघायला भाग पाडते. नुसत्या चष्म्यानेही पहिले काही आठवडे फरक पडतो, तुमचा पडलाच आहे. सात-आठ वर्षांच्या आत सुरुवात झाली तर फायदा जास्त. नंतरही होतो, पण वेळ लागतो.

दोन तासांचं म्हणाल तर मध्यम कमजोरीत दोन तास आणि सहा तास यांचा परिणाम सारखाच निघालाय. डोळा फारच कमजोर असेल तर जास्त तास सांगतात. पाहुण्यांचा हिशेब आपल्याला लावू नका आणि मनाने तास वाढवू नका, झाकलेला चांगला डोळाही सुस्तावू शकतो. पट्टी अजिबातच जमली नाही तर चांगल्या डोळ्यात अ‍ॅट्रोपिन नावाचं औषध घालून तो धूसर करण्याचा मार्ग आहे, पण ते डॉक्टरांनीच ठरवायचं.

मिरजेला कशाला? दर सहा-आठ आठवड्यांनी दाखवावं लागणार, तेव्हा जवळचा डॉक्टर बरा.

शाळेतल्या तपासणीबद्दल बोलतोच. अक्षर न येणाऱ्या मुलांसाठी चित्रांचा तक्ता असतो, इंग्रजी 'E' उलटसुलट छापलेलाही असतो. मुलाने फक्त बोटांनी दिशा दाखवायची, त्याला ना कन्नड लागतं ना मराठी. पुढच्या वेळी आधीच मागून घ्या. तीन-चार वर्षांच्या पोराचीही अशी तपासणी होते.

धाकटं भावंड असेल तर त्यालाही दाखवा. अंगणवाडी आणि सरकारी शाळांत जाणाऱ्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या तपासणीत दृष्टिदोषही येतो, १८ वर्षांपर्यंत. त्यांची चिठ्ठी घेऊन पुढे जाता येतं.

येळ्ळूरकर_बाबा (तीन आठवड्यांनी)

सर्वांचे आभार. आता आईच पहारा करते. संध्याकाळची मालिका लागली की पट्टी, समोर शेंगांचं सूप. फोडलेल्या शेंगांपेक्षा पोटात गेलेल्या जास्त, पण दीड तास निघतो. काल पट्टी लावून तिने दाण्यातला खडा शोधून आईला दाखवला. आई आता चष्म्यावर बोलत नाही, फक्त "काच पुसून दे" म्हणते.

एकच राहिलंय. चष्मा नाकावरून घसरतो आणि ही काचेच्या वरून बघते. दोरी लावू का?

नंबरवाला

दोरीने पडायचा थांबेल, घसरायचा नाही. चष्मा जिथून घेतला तिथे मुलीला घेऊन जा, नाकाचा पूल आणि कानामागची काडी तिच्या चेहऱ्यावर बसवून घ्या. काच पॉलीकार्बोनेटची, म्हणजे सहज न फुटणाऱ्या प्लास्टिकची आहे ना, तेही तिथेच विचारा.