डॉसवरचे जुने खेळ टॅबलेटवर नीट चालत नाहीत, काय करावे?

नेरुळवासी
नमस्कार. नेरुळहून ठाण्याला लोकलने जाताना वेळ जावा म्हणून मी अँड्रॉइड टॅबलेटवर डॉसचे, म्हणजे विंडोजपूर्वीच्या संगणकप्रणालीचे, खेळ चालवणारे मॅजिक डॉसबॉक्स हे अ‍ॅप घेतले आणि जुन्या सीडीवरचा ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ त्यात टाकला. खेळ सुरू होतो. परंतु आवाज तुटक येतो, राजपुत्र बुटका आणि जाडजूड दिसतो आणि पडद्यावरची बटणे दाबता दाबता तो हमखास खड्ड्यात पडतो. टॅबलेट नवा आहे, रॅम आठ जीबी आहे आणि सेटिंगमधला सायकल्सचा आकडाही मी वाढवता येईल तेवढा वाढवला आहे. १९९० सालच्या खेळाला एवढे यंत्र अपुरे का पडावे?

पाचपाखाडीकर
आवाज तुटतो तो बहुधा त्या वाढवलेल्या सायकल्समुळेच. हा खेळ इंटेलच्या प्रोसेसरसाठी लिहिलेला आहे आणि तुमच्या टॅबलेटमध्ये एआरएम जातीचा प्रोसेसर आहे, त्यामुळे डॉसबॉक्सला खेळाची प्रत्येक आज्ञा चालता चालता बदलून द्यावी लागते. एका मिलिसेकंदात अशा किती आज्ञा पार पाडायच्या, तो आकडा म्हणजे सायकल्स. टॅबलेटला झेपेल त्याहून मोठा आकडा दिला की सर्वांत आधी आवाज अडखळतो. ३००० वर या आणि गरज पडली तरच थोडे थोडे वाढवा. ‘डूम’सारख्या १९९३ च्या खेळाला मात्र वीस-पंचवीस हजार लागतात. उलट ‘विंग कमांडर’सारखे काही खेळ प्रोसेसरच्या वेगावरच चालतात, त्यांना जास्त सायकल्स दिल्या की ते खेळता येऊ नयेत इतके सुसाट सुटतात.

राजपुत्राच्या जाडीचे कारण वेगळे आहे. खेळाचे चित्र ३२० बाय २०० ठिपक्यांचे असते, पण त्या काळचा मॉनिटर ४:३ प्रमाणाचा असल्यामुळे प्रत्येक ठिपका रुंदीपेक्षा उंच दिसत असे आणि चित्रकारांनीही तसेच गृहीत धरून चित्रे काढली होती. तुमचा टॅबलेट १६:१० प्रमाणाचा असेल, तर तेच चित्र पडदाभर बसते आणि सगळे ठीक असल्याचा भास होतो. सेटिंगमधले अस्पेक्ट करेक्शन, म्हणजे चित्र मूळ ४:३ प्रमाणात दाखवण्याची सोय, सुरू करा. दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या येतील, त्या येऊ द्याव्यात.

खड्ड्याबद्दल सांगायचे तर या खेळात शिफ्ट दाबून बाण दाबला तरच राजपुत्र जपून एकेक पाऊल टाकतो. काचेवर दोन अंगठ्यांनी हे साधणे कठीणच. शिफ्टचे मोठे बटण डाव्या कोपऱ्यात आणि बाण उजवीकडे ठेवा. ब्लूटूथ गेमपॅड घेतलात तर प्रश्नच मिटेल, आणि गर्दीच्या डब्यात तोच बरा.

वाशी सेक्टर १७
घरात कोणाकडे आयफोन असेल तर त्यावरही हे जमते. अ‍ॅपलने ऑगस्ट २०२४ मध्ये जुन्या संगणकांचे खेळ चालवणाऱ्या अ‍ॅपना अ‍ॅप स्टोअरची दारे खुली केली आणि त्यानंतर आयडॉस ३ तेथे आले. मात्र अ‍ॅप स्टोअरवरच्या अ‍ॅपना आज्ञांचे जलद भाषांतर करू दिले जात नाही, त्यामुळे ‘प्रिन्स’ मजेत चालतो आणि जड खेळ रडतखडत. ‘मंकी आयलंड’सारख्या खेळांसाठी डॉसबॉक्सच्या वाटेला न जाता स्कमव्हीएम हे वेगळे अ‍ॅप वापरावे, त्याला खेळाच्या मूळ फाइली पुरतात आणि सायकल्सची कटकटच उरत नाही.

नेरुळवासी
दोघांचेही आभार. आवाज सुधारला आणि राजपुत्र सडपातळ झाला. आता एकच अडचण आहे: खेळात साठ मिनिटांची मुदत असते आणि माझे स्टेशन त्याच्या कितीतरी आधी येते. मध्येच थांबून खेळ जतन करता येतो का?

पाचपाखाडीकर
येतो, पण तिसऱ्या पातळीपासून पुढे. कंट्रोल आणि जी एकत्र दाबावे लागते, तेव्हा त्यासाठी पडद्यावर वेगळे बटण करून ठेवा. जतन केलेली फाइल खेळाच्याच फोल्डरमध्ये लिहिली जाते. अ‍ॅपला त्या फोल्डरमध्ये लिहिण्याची परवानगी दिलेली आहे ना, हे आधी पाहा.