मुन्सफ, न्यायाधीश, न्यायमूर्ती: बाईंना नेमकं काय म्हणायचं?

प्रश्न : भारतातल्या पहिल्या महिला न्यायाधीश अ‍ॅना चंडी यांच्यावर टिपण लिहितोय. एका जुन्या लेखात त्या ‘मुन्सफ’, दुसऱ्यात ‘न्यायाधीश’, तिसऱ्यात ‘न्यायमूर्ती’. बरोबर काय? आणि स्त्रीलिंगी रूप कोणतं?

– तिन्ही बरोबर, फक्त साल बघा. १९३७ साली त्रावणकोर संस्थानात त्या मुन्सफ, म्हणजे खालच्या दिवाणी कोर्टातल्या न्यायाधीश, झाल्या. १९४८ला जिल्हा न्यायाधीश. ९ फेब्रुवारी १९५९ला केरळ उच्च न्यायालयात गेल्या, तेव्हापासून १९६७ला निवृत्त होईपर्यंत न्यायमूर्ती. मराठीत न्यायमूर्ती उच्च न्यायालयापासून वर, खाली न्यायाधीश. १९४८च्या वाक्यात ‘न्यायमूर्ती चंडी’ लिहिलंत तर वकील मंडळी हसतील.

– मुन्सफ आणि इन्साफ एकाच अरबी धातूचे. मुळाशी ‘निस्फ’, म्हणजे अर्धा. दोघांना सारखं वाटून देणारा तो मुन्सफ. आपल्याकडे हे पद गेलं, आता ‘दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर’. शब्द पाहिजे तर जुन्या दस्तांत शोधा.

– मग मुन्सफीण?

– नको! वकिलीणबाई म्हणजे वकिलाची बायको, तशी मुन्सफीणबाई मुन्सफाची. चंडीबाईंचे यजमान पोलीस अधिकारी होते, म्हणजे त्या हिशेबाने बाई फौजदारीणबाई ठरल्या असत्या. मास्तरीण मात्र बायकोपासून सुटून स्वतः शिकवणारी झाली, कारण शाळेत बायका लवकर आणि पुष्कळ आल्या. कोर्टात तेवढा वेळच मिळाला नाही.

– ‘न्यायाधीशा’ असं कुठेसं वाचलं होतं.

– कानाला खटकतं. ‘महिला न्यायाधीश’ही दर ओळीत नको, एकदा सांगितलं की पुरे. गंमत न्यायमूर्तीची आहे. मूर्ती स्त्रीलिंगी, पण ‘न्यायमूर्ती रानडे आले’ म्हणताना कुणाची जीभ अडखळली नाही. १९८९ साली फातिमा बीवी सर्वोच्च न्यायालयाच्या पहिल्या महिला न्यायमूर्ती झाल्या, तेव्हाही शब्दाला हात लावावा लागला नाही. लिंग क्रियापदात दिसतं.

– आमच्या तालुक्याच्या कोर्टातला पट्टेवाला दार ढकलून आत डोकावतो आणि बाहेरच्या बाकावरच्या पक्षकारांना सांगतो, “उठा, साहेब आल्या.” साहेब पुल्लिंगी, आल्या स्त्रीलिंगी, आणि सगळे उभे.

– टिपणात हेच करतो. ‘मुन्सफ म्हणून रुजू झाल्या.’