‘असेसमेंट’ला आईशी बोलताना काय म्हणावं? (तपासणी, चाचणी, परीक्षा, कसोटी, पारख…)

तापीकाठची

मी जळगावात लहान मुलांची मानसशास्त्रज्ञ म्हणून काम करते. बोलायला उशीर झालेली, एका जागी न टिकणारी, चौथीत जाऊनही जोडाक्षरापाशी अडणारी मुलं येतात. दोन-तीन बैठकांत त्यांच्याबरोबर ठोकळे, चित्रं, गोष्टी, आकड्यांचे खेळ होतात. आई-वडिलांशी तासभर बोलणं होतं. मग मूल कुठे अडतंय, कुठे छान चालतंय आणि पुढे काय करता येईल ते लिहून देते. या सगळ्याला आम्ही आपसात ‘असेसमेंट’ म्हणतो. पालकांशी बोलताना मात्र मला शब्द सापडत नाही.

मागच्या आठवड्यात एरंडोलकडून साडेसात वर्षांचा मुलगा आला. नवा शर्ट, चापून तेल लावलेले केस. खुर्चीत बसला आणि मी तोंड उघडायच्या आत बेचा पाढा म्हणायला लागला. बे सक्कं बाराला अडला, परत पहिल्यापासून सुरू केलं, परत तिथेच अडला आणि रडू लागला. आमच्याकडून फोनवर ‘उद्या चाचणी आहे’ एवढंच सांगितलं होतं. वडिलांनी रात्री अकरापर्यंत पाढे घोकून घेतले होते. त्या दिवशी मी काहीही मोजलं नाही, ठोकळ्यांचा पूल बांधला आणि त्याला घरी पाठवलं. निघताना आईनं हळूच विचारलं, “मॅडम, मना पोऱ्या पास व्हयना का?”

‘तपासणी’ म्हणून पाहिलं, तर मुलं सुईच्या भीतीनं दाराची चौकट सोडत नाहीत. ‘निदान’ म्हणावं तर ते झालं तरी शेवटी होतं, आणि कित्येकदा होतही नाही. ‘मूल्यमापन’ प्रगतिपुस्तकावर छापलेलं असतं. तुम्ही काय म्हणाल?

मास्तर अमळनेर

ताई, ‘मूल्यमापन’ हाच शब्द योग्य. 2010 नंतर शाळांत आकारिक (वर्षभर चालणारं) आणि संकलित (सत्राअखेरचं) मूल्यमापन आलं, आता खेड्यातल्या पालकालाही तो शब्द ठाऊक आहे. शब्द आहे, शुद्ध आहे, रुळलेला आहे. नवा शोधण्यापेक्षा आहे तो नीट समजावून सांगा. ‘तपास’ तर अरबी ‘तफह्हुस’वरून आलेला, आणि तो पोलिसांना शोभतो.

सराफकट्टा

मास्तर, अरबीचा धाक दाखवू नका. आमच्या बाजारात ‘तपासून घ्या’ रोज शंभरदा म्हणतात आणि कोणी पोलीस येत नाही.

ताई, मी ‘कसोटी’ सुचवतो. जुन्या मराठी पुस्तकांत ‘बुद्धिमत्ता कसोटी’ असंच असायचं. आमची तिसरी पिढी सराफीत आहे, म्हणून थोडं सांगतो. कसोटी म्हणजे काळा दगड, संस्कृत कषपट्टिका. त्यावर दागिन्याची रेघ ओढायची, शेजारी माहीत असलेल्या कसाच्या सोन्याची रेघ ओढायची, दोन्हींवर तेजाब फिरवायचं आणि डोळ्यांनी पडताळायचं. दगड सोन्याला पास-नापास करत नाही. यात सोनं किती आणि तांबं किती, तेवढंच सांगतो. तांब्याशिवाय दागिना घडतही नाही. तुमचं काम मला नेमकं तसंच वाटलं.

तापीकाठची

दादा, हे फार आवडलं. ‘माहीत असलेल्या कसाची रेघ शेजारी’ हे तर आमच्या कामाचं मूळच आहे. त्या वयाच्या पुष्कळ मुलांना काय जमतं ते आधी माहीत असावं लागतं. व्ही. व्ही. कामत यांनी 1934 मध्ये बिने या फ्रेंच मानसशास्त्रज्ञाच्या बुद्धिमत्ता कसोट्या कन्नड आणि मराठी मुलांसाठी बसवल्या, त्या याचसाठी. फ्रेंच मुलांची रेघ आपल्या मुलांशेजारी ओढून चालणार नव्हतं.

पण आईला ‘कसोटी’ म्हटलं की तिला ‘कसोटीचा काळ’ ऐकू येतो. तिचा तो आधीच चालू असतो.

गिरणामाय

शेवटचं वाक्य अगदी खरं आहे.

पुण्यात राहणारा धुळेकर

मग ‘पारख’ घ्या. गंमत अशी की ‘पारख’ हा ‘परीक्षा’चाच प्राकृतातून घासून आलेला भाऊ आहे. एकाच आईची दोन लेकरं. एक शाळेत जाऊन कडक झालं, दुसरं बाजारात राहून समजूतदार. परीक्षेत उत्तर बरोबर की चूक ते बघतात, पारखीत माणूस बघतात.

सराफकट्टा

उत्पत्ती बरोबर आहे, पण आमच्याकडे पारख बैलाची होते. बाजारात दात मोजतात, वशिंडावर हात फिरवतात. आणि मुलगी बघायला येतात तेव्हाही ‘पारखून घ्या’ म्हणतात. पारखणाऱ्याच्या मनात घ्यायचं की सोडायचं हे असतंच. लेकराला तो शब्द लावू नये.

मास्तर अमळनेर

मी म्हणतो ते कोणी ऐकत नाही. पोरांची रडारड होऊ नये म्हणून शब्द बदलत बसलो तर दर दहा वर्षांनी नवा शब्द लागेल. मतिमंद गेला, गतिमंद आला, मग विशेष मूल, मग दिव्यांग. शब्दाला लागलेला डाग समाज लावतो.

तापीकाठची

मास्तर, डाग समाज लावतो हे मान्य. पण ‘मूल्यमापन’ ऐकून एका आजोबांनी मला विचारलं होतं, “म्हणजे याची किंमत किती निघाली?” ते रागात नव्हते, त्यांना खरंच कळायचं होतं. मला तेव्हापासून तो शब्द उच्चारवत नाही.

त्याहून मोठी अडचण अहवाल वाचताना येते. बुद्ध्यांक 68 लिहिला की वडील म्हणतात, “अडुसष्ट टक्के? मग फर्स्ट क्लास झाला की!” त्या चेहऱ्यावरचा आनंद बघून पुढचं सांगणं किती अवघड जातं ते कसं सांगू. कामतांच्या पद्धतीत मानसिक वयाला खऱ्या वयानं भागून 100 नं गुणतात. म्हणजे दहा वर्षांचं मूल पावणेसात-सात वर्षांच्या मुलाएवढी कामं करतंय, असा त्याचा अर्थ. आता मी आकडा आधी सांगतच नाही. ‘हा सात वर्षांच्या मुलासारखा विचार करतो, तुम्ही मात्र त्याच्याकडून दहा वर्षांच्या मुलाचं मागताय’ असं सांगते. ते कळतं. एक आई म्हणाली, “म्हणूनच त्याले मन्ह्या धाकलासंगे खेयाले आवडस.” चार वर्षं तिला हे दिसत होतं.

मास्तर अमळनेर

बाकी सगळं मनाला लागलं, पण शब्द ‘बुद्ध्यंक’ आहे. बुद्धि + अंक. इकारापुढे अकार आला की ‘य’ होतो, ‘या’ नाही. गुण + अंक = गुणांक, त्याच्या नादानं ‘बुद्ध्यांक’ झालं. अहवालावर सरकारी शिक्का बसतो, तिथे तरी शुद्ध हवं.

पुण्यात राहणारा धुळेकर

मास्तर, सगळा महाराष्ट्र बुद्ध्यांक म्हणतो. रूढी बलवत्तर.

मास्तर अमळनेर

सगळा महाराष्ट्र चुकतो, असं मी चाळीस वर्षं फळ्यावर लिहिलं आहे.

गिरणामाय

मी भडगावची. माझा मुलगा नऊ वर्षांचा आहे, त्याला ऑटिझम आहे. पहिल्यांदा कागदावर ‘स्वमग्नता’ वाचलं तेव्हा मी खूश झाले होते. मग्न म्हणजे चांगलंच ना? भजनात मग्न, अभ्यासात मग्न. माझ्या सासऱ्यांनी तर ‘स्व’ धरला आणि म्हणाले, “म्हणजे स्वार्थी? पोर स्वार्थी कसं असेल, ते तर हातातला घासही देऊन टाकतं.” दोघांनाही त्या शब्दानं चुकवलं. आमचा मुलगा मिक्सर चालू झाला की कान दाबून घरभर पळतो. बाहेरचं सगळं त्याच्या आत नको तितकं शिरतं. त्याला मग्न कसं म्हणायचं? मी ऑटिझमच म्हणते. विचारलं की सांगता येतं, शब्द आधीच काही ठरवून टाकत नाही.

पुण्यात राहणारा धुळेकर

ताई, तो दोष मुळातच आहे. ग्रीक ‘ऑटोस’ म्हणजे स्वतः. मानसोपचारतज्ज्ञ ब्लॉयलर यांनी 1911 च्या सुमारास स्किझोफ्रेनियाच्या संदर्भात तो शब्द वापरला, आणि 1943 मध्ये बालमानसोपचारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी अकरा मुलांचं वर्णन करताना उचलला. आपण त्याचं शब्दशः मराठी केलं, म्हणून तिथली चूकही घरात आली.

तापीकाठची

गिरणामाय, तुमचं वाक्य मी वहीत लिहून ठेवलं आहे. ऑटिझमसाठीच्या भारतीय मापनश्रेणीत चाळीस मुद्दे असतात, प्रत्येकाला एक ते पाच गुण. त्यात आवाज-स्पर्शाचेही मुद्दे येतात. पण ‘स्वमग्न’ ऐकलेले पालक त्या प्रश्नांना ‘नाही, तसं काही नाही’ म्हणून पुढे सरकतात, कारण त्यांच्या मते त्याचा आजाराशी संबंधच नसतो. शब्दानं अर्धी उत्तरं आधीच गाळलेली असतात.

आणखी एक सांगते, ते सांगायला मला अजून जड जातं. मी बाहेरून शिकून आले तेव्हा रावेरकडच्या एका मुलीला केळ्याचं चित्र दाखवलं. ती म्हणाली “केय”. डोळ्याला “डोया”, काळ्याला “काया”. मी अहवालात ‘उच्चारदोष, वाणी-उपचारांची गरज’ लिहिलं. तिची आई शेजारी बसून तसंच बोलत होती आणि माझ्या कानाला ते ऐकू आलं नाही. केळीच्या मुलखातल्या पोरीला केळ म्हणता येत नाही, असं मी लिहून दिलं! पुढे आमच्या दवाखान्यातल्या मावशींनी लक्षात आणून दिलं. मी तिच्या घरी जाऊन कागद बदलून दिला.

सराफकट्टा

ताई, बदलून दिलात हे मोठं केलंत. आमची पोरं शहरात ‘शाया’ म्हटली की वर्ग हसतो, म्हणून बोलायचीच बंद होतात. मग म्हणतात पोरगा अबोल आहे.

मास्तर अमळनेर

इथे मी ताईंच्या बाजूला. ‘ळ’चा ‘य’ हा अहिराणीचा नियम आहे, दोष नाही. बहिणाबाईंच्या ओव्यांत तो पानोपानी आहे.

सराफकट्टा

मास्तर, बहिणाबाई आसोद्याच्या, त्यांची बोली लेवा. अहिराणी नाही. अहिराणीत ‘शे’, ‘माले’, ‘करी राहिना’, लेवा बोलीत वेगळं. जळगावच्या विद्यापीठाला 2018 मध्ये बहिणाबाईंचं नाव दिलं तेव्हापासून सगळा खान्देश एकच बोली बोलतो असं बाहेरचे धरून चालतात.

मास्तर अमळनेर

मी बाहेरचा नाही. ‘ळ’चा ‘य’ दोन्हींत आहे, एवढंच म्हणालो.

सराफकट्टा

तुम्ही “अहिराणीचा नियम” म्हणालात.

सातपुडा

मी धडगावला अंगणवाड्यांबरोबर काम करतो. इथे घरात पावरी, बाजारात भिलोरी, शाळेत मराठी. तीन वर्षांचं मूल बोलत नाही म्हणून शिबिरात आणतात, तेव्हा पहिला प्रश्न असा की कुठल्या भाषेत बोलत नाही? ‘असेसमेंट’ला आम्ही शब्दच वापरत नाही. अंगणवाडीच्या ताई सांगतात, “मॅडमला मुलाशी ओळख करायची आहे.” ‘ओळख’ चालेल का बघा. त्यात पास-नापास नाही, सुई नाही, बैलबाजारही नाही.

गिरणामाय

ओळख! आम्हाला कोणी असं म्हटलं असतं तर मी त्याला आदल्या रात्री रंगांची नावं पाठ करायला लावली नसती.

तापीकाठची

सातपुडा भाऊ, ‘ओळख’ मलाही भिडला. फक्त एक अनुभव सांगते, म्हणजे तुम्ही सगळे विचार कराल. या आठवड्यात मी फोनवर ‘खेळायला घेऊन या’ असं सांगायला लावलं. मुलं आनंदात आली, एकही रडलं नाही. पण चोपड्याकडच्या एका वडिलांनी विचारलं, “कापूस येचणं चालू शे मॅडम, खेयाले चाळीस किलोमीटर येऊ का?” त्यांचा दिवसाचा रोज बुडतो. एस.टी.चं तिकीट वेगळं. ते आले नाहीत. ‘चाचणी’ म्हटलं असतं तर आले असते, पाढे पाठ करून घेऊन का होईना. ‘ओळख’ म्हटल्यावर येतील? महत्त्वाचं काम आहे हे त्यांना कळलं पाहिजे, आणि पोराला मात्र कळता कामा नये. एका शब्दात दोन्ही बसत नाहीयेत. सोमवारी भेटीची चिठ्ठी छापायला द्यायची आहे, वर एक ओळ हवी.

पुण्यात राहणारा धुळेकर

चिठ्ठी वडिलांसाठी आहे ना? मग त्यावर ‘तपासणी’ छापा, आणि खाली मोठ्या अक्षरात ‘पोराला काही शिकवून आणू नका’.

मास्तर अमळनेर

‘पोराला’ नको, ‘मुलाला’ छापा. आणि सराफभाऊ, लेवा बोलीत ‘केळ’चं अनेकवचन काय करतात ते जरा घरच्या जुन्या माणसांना विचारून सांगा. ‘केयी’ की ‘केये’? अमळनेरला मी दोन्ही ऐकलं आहे.