मदत हवी आहे: जाहीर मुलाखतीत श्रोत्यांचे प्रश्न कसे घ्यायचे?

सिंधुदुर्गातल्या आमच्या तालुक्याच्या वाचनालयात पुढच्या महिन्यात पश्चिम घाटावर लिहिणाऱ्या एका अभ्यासकांची जाहीर मुलाखत आहे आणि ती मी घेणारे. दीड तास, त्यातला शेवटचा अर्धा तास श्रोत्यांचा. समोर आंबा बागायतदार असतील, खाणीवर डंपर चालवणारे असतील, कॉलेजची मुलं असतील, म्हणजे विषय नुसता फुलापाखरांचा राहणार नाही, आणि राहूही नये.

पश्चिम घाट कसा जपायचा यावरचे २०११ चा गाडगीळ समितीचा अहवाल आणि २०१३ चा कस्तुरीरंगन समितीचा, दोन्ही वाचलेत. पहिल्यात अख्खा घाट पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील धरून तीन झोन, दुसऱ्यात साधारण ३७ टक्केच भाग, त्यामुळे "आमचं गाव संवेदनशील गावांच्या यादीत आहे का, चिरेखाण (जांभ्या दगडाची खाण) बंद होणार का" हे येणारच. पाहुण्यांना विचारलं प्रश्न आधी पाठवू का, तर म्हणाले विषय सांगा, प्रश्न नकोत.

अडलंय ते शेवटच्या अर्ध्या तासावर. मागच्या कार्यक्रमात माईक फिरवला तर एकेक जण भाषणच करत बसला आणि मागे बसलेल्या बायका शेवटपर्यंत बोलल्याच नाहीत. चिठ्ठ्या घ्याव्यात तर लोक म्हणणार अडचणीचे प्रश्न गाळले, आणि या विषयात तो संशय अजिबात नको. कॉर्डलेस माईक एकच आहे. मोबाईलवरून प्रश्न मागवा असं सुचवू नका, हॉलमध्ये रेंज नसते.

ज्यांनी अशा मुलाखती घेतल्यात त्यांनी प्लीज सांगा, चिठ्ठ्या निवडायला कुणाला बसवायचं, आणि एखादा भाषणावर आला की त्याचा मान राखून त्याला थांबवायचं कसं?